हद्द नंतर, फोन आधी

बपेरा म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचं टोक. सिहोऱ्याकडून येणारा रस्ता गाव ओलांडतो, पुढे बावनथडीचा पूल, आणि पुलापलीकडे मध्य प्रदेशचा बालाघाट जिल्हा. निवडणुका लागल्या की इथे नाका बसतो. एरवी सोयरिकी, बाजारहाट, धानाची पोती सगळं बिनबोभाट ये-जा करतं. अपघात पुलाच्या अलीकडे झाला की पलीकडे, यावर कोणतं पोलीस ठाणं येणार हे ठरतं, एवढं इथल्या शाळकरी पोरालाही कळतं. हद्द ही काय चीज आहे ते या गावाला वेगळं शिकवावं लागत नाही.

याच गावचा एक तरुण नागपुरात एका विद्यापीठाच्या आवारात सुरक्षा कंट्रोल रूममध्ये बसतो. धानाच्या एका हंगामावर घर चालत नाही, म्हणून या भागातली पोरं नागपूरची वाट धरतात, त्यातलाच हा. खोली कसली, गेटशेजारची पत्र्याची केबिन. टेबलावर चार्जिंगला लावलेले वॉकीटॉकी, ज्यांना हे लोक ‘सेट’ म्हणतात. एक लँडलाइन, कंपनीने दिलेला साधा मोबाइल, भिंतीवर किल्ल्यांचा बोर्ड, सीसीटीव्हीचा चौकटी-चौकटींचा पडदा आणि त्यातल्या दोन-तीन चौकटी कायमच्या काळ्या. शिवाय एक लांबोडकी नोंदवही: वेळ, कुठून, काय, कोणाला पाठवलं, सही. वेळेच्या रकान्यात खाडाखोड चालत नाही.

हा गडी स्वतः कुठेच जात नाही. वसतिगृहात साप निघाला, मुलींच्या होस्टेलमागे कोणीतरी उभं आहे, प्रयोगशाळेतून जळका वास येतोय, एक पोरगा सकाळपासून दार उघडत नाही. फोन याला येतो आणि हा दुसऱ्याला धाडतो. धावत जाणाऱ्याचा फोटो छापून येतो. धाडणाऱ्याचं नाव नोंदवहीतच राहतं, तेही सही वाचता आली तर. पण संकटाच्या पहिल्या मिनिटाची सगळी सत्ता त्या खुर्चीत असते. फोन उचलल्यावर तो आधी काय विचारतो, यावर पुढचं सगळं अवलंबून. “कुठे आहात?” हा एक प्रश्न. “हे आपल्याकडे येतं का?” हा दुसरा. मला तर वाटतं, या कामाची सगळी नीती या दोन प्रश्नांच्या क्रमात आहे.

त्याला मी विचारलं, तुझी पद्धत काय? म्हणाला, “भाऊ, मानूस काय सांगते ते मंग. आंधी त्याचा आवाज आयकाचा. आवाज कापत असला का मी पॉइंटवाल्याले निंगाले सांगतो. मंग विचारतो, कोन बोलता.” कोणत्याही प्रशिक्षण पुस्तिकेत याहून नेमकं काही असेल असं मला वाटत नाही.

क्रम चुकला की काय होतं, हे भंडारा जिल्ह्याला बाहेरून कोणी सांगायला नको. फेब्रुवारी २०१३ मध्ये लाखनी तालुक्यातल्या मुरमाडीच्या तीन लहान बहिणी बेपत्ता झाल्या आणि दोन दिवसांनी त्यांचे मृतदेह विहिरीत सापडले. पोलिसांनी सुरुवातीला प्रकरण गांभीर्याने घेतलं नाही, या संतापाने लोकांनी महामार्ग रोखला. ठाण्याचा पोलीस निरीक्षक निलंबित झाला. त्याच्या दोन महिने आधी, १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री, दिल्लीत बसमध्ये सामूहिक बलात्कार झालेल्या तरुणीसोबत असलेल्या मित्राने नंतर सांगितलं की घटनास्थळी गाड्यांतून आलेले पोलीस हद्द कोणाची यावर वाद घालत राहिले. पोलिसांनी ते नाकारलं. खरं-खोटं काहीही असो, ऐकणाऱ्या सगळ्या देशाला ते सहज पटलं, हीच त्यातली लाजिरवाणी गोष्ट.

विद्यापीठाच्या आवारातलं सगळ्यात वाईट उदाहरण अमेरिकेतलं आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास एका वसतिगृहात दोघांवर गोळ्या झाडल्या गेल्या. हा दोघांमधला खाजगी मामला असावा आणि मारेकरी आवाराबाहेर निघून गेला असावा, असा तिथल्या यंत्रणेचा समज झाला. विद्यार्थ्यांना सावध करणारा पहिला ईमेल गेला ९ वाजून २६ मिनिटांनी. त्यानंतर थोड्याच वेळात त्याच माणसाने दुसऱ्या इमारतीत वर्ग गाठले. त्या दिवशी त्याने एकूण ३२ जणांचा जीव घेतला. तिथे माणसं कमी नव्हती, साधनं कमी नव्हती. ‘खाजगी आहे’ आणि ‘बाहेर गेला’ या दोन समजुतींनी दोन तास खाल्ले. दोन्ही समजुती हद्दीच्याच.

आपल्या आवारांत हद्दी तीन. पहिली गेटची. रस्त्यावर गेटपासून दहा पावलांवर दुचाकी घसरली, तर “बाहेरचं आपल्याकडे नाही.” दुसरी नात्याची. मुलगा-मुलगी भांडताहेत, “त्यांचं आपसातलं आहे.” तिसरी हुद्द्याची, आणि ती मला सगळ्यात घातक वाटते. बहुतेक ठिकाणी हा माणूस कंत्राटी असतो. विद्यापीठाचा नव्हे, एजन्सीचा. त्याला बजावलेलं असतं की परस्पर बाहेर फोन लावायचा नाही. आधी सुपरवायझर, मग सुरक्षा अधिकारी, मग कुलसचिव. संस्थेचं नाव पेपरात येऊ नये, हा त्यामागचा न बोललेला हेतू. मग रात्री दोन वाजता सुपरवायझरचा फोन लागत नाही आणि कंट्रोलवाला एका हातात सेट, दुसऱ्या हातात मोबाइल धरून परवानगीची वाट बघतो. बारा तासांची ड्यूटी, रिलीव्हर आला नाही तर डबल, आणि चूक झाली की पहिली गदा त्याच्यावर. ज्याने हा क्रम कागदावर लिहिला तो त्या वेळी घरी झोपलेला असतो. दोष वाटायची वेळ आली की मात्र त्याला कोणी उठवत नाही.

सुरक्षारक्षकांच्या नोकरीचं नियमन आणि कल्याण यासाठी महाराष्ट्रात १९८१ पासून कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. भिंत सहज चढता येणार नाही इतकी उंच असावी, हेही त्यात आहे. भिंतीचा विचार आपण भरपूर करतो. फोन उचलणाऱ्याचा फारसा करत नाही.

आता उलट बाजूही मांडतो, कारण हद्द म्हणजे सगळी वाईटच असं नाही. रात्री अकराला फोन येतो: “मी अमुक मुलीचा बाप बोलतो, ती होस्टेलवर आहे का?” आवाज काळजीचा आहे, कदाचित बापच असेल. पण बाप म्हणवून कोणीही फोन करू शकतो. इथे ‘आहे’ किंवा ‘नाही’ यातलं काहीच सांगायचं नसतं; निरोप वॉर्डनकडे पोहोचवायचा, मुलीनेच घरी फोन करावा अशी व्यवस्था करायची आणि बापाचा राग ऐकून घ्यायचा. पडद्यावर दिसलेलं जोडपं, रात्री उशिरा कोण आलं, कोण रडत होतं, हे चहाच्या टपरीवर न्यायचं नसतं. आणि स्वतःचा मित्र जरी आवारात पडला, तरी खुर्ची मोकळी टाकून धावायचं नसतं, कारण पुढचा फोन कोण उचलणार? मदतीला हद्द घालू नये आणि माहितीला घालावी. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं: मदत नियमात अडकते आणि माहिती चौकात पोहोचते.

कायदा निदान एका बाबतीत पुढे सरकला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती पोलिसांनी नोंदवून घ्यायची, असं कलम १७३ सांगतं. यालाच लोक ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. बपेऱ्यासारख्या गावाला याचं मोल शहरापेक्षा जास्त. तातडीच्या मदतीसाठीच्या ११२ क्रमांकाचं राज्यातलं मुख्य केंद्र नवी मुंबईत आणि दुसरं नागपुरात आहे. तिथे बसलेल्यांनी बपेरा पाहिलेला नसेल, आणि तरीही तिथून गाडी निघते. मग जे राज्याच्या यंत्रणेला जमतं ते एका आवाराच्या केबिनला का जमू नये?

तेव्हा तुमसर, सिहोरा, बपेऱ्याच्या पालकांना एक विनंती. प्रवेशाच्या दिवसांत मुलांना नागपूरला सोडायला जाल तेव्हा मेसचे दर आणि वॉर्डनचा नंबर तुम्ही विचारताच. सोबत गेटवरच्या कंट्रोल रूमचाही नंबर घ्या. आणि ऑफिसात बसलेल्या साहेबांना एवढं विचारा, की रात्री दोन वाजता हा फोन उचलणारा माणूस कोणालाही न विचारता ११२ लावू शकतो का? उत्तर लेखी मागा.