भिंतीपासून दारापर्यंत

झाशीच्या नववीतल्या मुलांना १८५८ हे साल वेगळे पाठ करावे लागत नाही. त्या वर्षी मार्चमध्ये इंग्रज सेनानी ह्यू रोजच्या तोफा शहराच्या तटावर चालू लागल्या आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाशी पडली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे त्या वेळी शहरात होते. राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची कशी धूळधाण झाली, हे त्यांनी ‘माझा प्रवास’मध्ये लिहून ठेवले आहे. त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो डॉक्टरांसमोर २० व्याख्याने देत होता. आजार शरीरात नेमका कुठे असतो, हा त्याचा प्रश्न होता आणि पेशीत, हे त्याचे उत्तर. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरीही विज्ञानाच्या पुस्तकातली ती एक ओळ, प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, केवढी ताजी आहे, हे या सालावरून चटकन लक्षात येते. ती राणीच्या काळातली आहे.

शाळेत मात्र पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था अशी उतरंड फळ्यावर लिहिली जाते आणि मुले ती वहीत उतरवतात. हे सगळे कुणाला तरी सुचावे लागले, त्यावर वाद झाले, यातले काही त्या वहीत येत नाही. मला ही उणीव मोठी वाटते.

आपल्याकडच्या वैद्यकात शरीराचा विचार प्रवाहाच्या अंगाने झाला होता. रसापासून रक्त, रक्तापासून मांस, असे सात धातू एकमेकांना पोसतात आणि स्रोतसांमधून हे पोषण फिरते. सूक्ष्मदर्शक नव्हता, त्यामुळे पेशी दिसणे शक्यच नव्हते. पण खाल्लेले अन्न शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचते कसे, हा प्रश्न मांडलेला होता. युरोपातल्या पेशीविचाराला या प्रश्नाकडे यायला बराच वेळ लागला.

कारण तिथे आधी दिसली ती भिंत. १६६५ मध्ये रॉबर्ट हुकने बुचाच्या पातळ कापात कप्पे पाहिले. बूच मेलेले, कप्पे रिकामे. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊनने केंद्रकाला नाव दिले. १८३८ मध्ये श्लायडेनने वनस्पतींबद्दल आणि १८३९ मध्ये श्वानने प्राण्यांबद्दल सांगितले की, सगळे सजीव पेशींचेच बनलेले असतात. पण नवी पेशी द्रवातून स्फटिकासारखी जमते, असे श्वान मानत होता. पेशी विभागूनच पेशी होते, हे रॉबर्ट रेमाकने १८५२ मध्ये ठामपणे मांडले. फिर्खोने नंतर तेच सांगितले आणि नाव त्याचे झाले. शाळेच्या पुस्तकात रेमाक सहसा नसतो. तो असायला हवा.

पेशीच्या आत काय आहे, याची यादी पुढे वाढत गेली: तंतुकणिका, गॉल्गी संकुल, लयकारिका. मला मात्र या सगळ्यात कडेचे प्रद्रव्यपटल अधिक मोलाचे वाटते. १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींमधला मेद वेगळा काढून पाण्यावर पसरवला. त्या थराचे क्षेत्रफळ त्या पेशींच्या पृष्ठभागाच्या साधारण दुप्पट भरले. म्हणजे पटलात मेदाचे दोन थर असणार. गंमत अशी की, त्यांनी मेद पुरता काढला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले होते. दोन चुकांनी एकमेकींना खोडले आणि निष्कर्ष बरोबर निघाला.

पण मेदाच्या थरातून मीठ-साखर सहजी आत जात नाही. मग जाते कुठून? झाशीच्या तटाला खंडेराव दरवाजा होता, ओरछा दरवाजा होता. तसे पटलालाही दरवाजे असले पाहिजेत. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेनने प्राग इथे सांगितले की, लहान आतड्याच्या पेशीत ग्लुकोज सोडियमच्या सोबतीने शिरते. दोघे एकाच दारातून जोडीने येतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी शोषले जाते. पटकीच्या विषाने आतड्यातून पाण्याचे लोट वाहत असतात, तेव्हाही हे दार चालू राहते. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाइन संपत आल्यावर मीठ-साखरेचे पाणी पाजायला लावले. आधी शंभरातले तीसेक रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

झाशीच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकतो. त्या दिवसांत इथल्या मराठी घरांतले पन्हे आणि शेजारच्यांचे आम पना, दोन्ही याच दाराचा उपयोग करतात. कैरी भाजायची की उकडायची, गूळ की साखर, यावर वाद असतील, पण चिमूटभर मीठ दोन्हीकडे पडतेच. त्याचे प्रमाण मोजलेले नसते, म्हणून जुलाबात त्याच्यावर विसंबू नये, तिथे ओआरएसच हवे. पण घामाने गेलेले मीठ-पाणी परत मिळते ते आतड्यातल्या पेशीच्या पटलातूनच. पुढे रक्ताभिसरण संस्था ते त्वचेपर्यंत नेते, त्वचा घाम सोडते, मूत्रपिंडे पाणी राखून ठेवतात आणि मेंदू या सगळ्यांवर लक्ष ठेवतो. पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर पडलेल्या पचनसंस्था, उत्सर्जन संस्था आणि चेतासंस्था दुपारी सायकलवरून घरी येणाऱ्या मुलाच्या अंगात एकाच वेळी राबत असतात.

या राबण्याला मर्यादा आहे. शरीराचे तापमान ४० अंशांच्या पुढे गेले की, पेशींमधली प्रथिने आणि पटले बिघडू लागतात, मेंदूचे नियंत्रण सुटते आणि माणूस बरळतो किंवा बेशुद्ध पडतो. अशा माणसाच्या तोंडात पन्हे ओतू नये. त्याला सावलीत न्यावे, अंगावर गार पाणी ओतून वारा घालावा आणि ताबडतोब इस्पितळ गाठावे.