आकडा कोणाची साक्ष देतो?

एखादी गोष्ट खरी आहे हे कशावरून मानावे, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार लवकर विचारला. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष. धूर पाहून अग्नी ताडला ते अनुमान. परिचित वस्तूच्या साम्यावरून अपरिचित वस्तू ओळखली ते उपमान. आणि विश्वासार्ह माणसाने सांगितले म्हणून मानले, तो शब्द. चार्वाकांनी यांपैकी फक्त प्रत्यक्षालाच मान्यता दिली. आजचा सुशिक्षित मनुष्य स्वतःला चार्वाक म्हणवून घेणार नाही. पण व्यवहारात तो बहुधा त्याच पंथाचा असतो. ऐकीव गोष्टीवर त्याचा विश्वास नसतो. मात्र यंत्राच्या पडद्यावर आकडा उमटला की त्याची शंका मिटते. ‘समोर दिसते आहे, आणखी काय हवे?’ असे तो म्हणतो.

प्रस्तुत लेखात या ‘समोर दिसते आहे’चाच थोडा विचार करावयाचा आहे. पडद्यावरचा आकडा चार प्रमाणांपैकी कशात मोडतो? त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका लहानशा चिपचे आणि तिला संगणकाशी जोडून देणाऱ्या ड्रायव्हरचे. विषय तांत्रिक वाटेल. पण तपशिलात शिरल्याखेरीज त्यातला नैतिक प्रश्न हाती लागत नाही, म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा ही विनंती.

उष्णता, वजन, प्रकाश, पाण्याची पातळी या गोष्टी निसर्गात सलग बदलतात. संवेदक त्यांचे रूपांतर विद्युतदाबात करतो, आणि तो दाबही सलगच असतो. संगणकाला मात्र फक्त अंक कळतात. सलग दाबाचे अंकात रूपांतर करणाऱ्या चिपला अ‍ॅनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर, थोडक्यात एडीसी, म्हणतात. एमसीपी ३००८ ही अशीच एक साधी आणि स्वस्त चिप. तिला आठ वाटांनी दाब देता येतो आणि ती दहा बिटांचा अंक देते. म्हणजे ० ते १०२३ अशा १०२४ पायऱ्या.

येथे एक बारकावा आहे, आणि पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. ही चिप व्होल्ट मोजते असे आपण म्हणतो, पण वस्तुतः ती तुलना करते. तिच्या एका पायाला संदर्भदाब जोडलेला असतो. आलेला दाब त्या संदर्भाच्या कितव्या हिश्शाइतका आहे, एवढेच ती सांगते. ५१२ हा अंक म्हणजे ‘निम्मा’. कशाच्या निम्मा, ते चिपला ठाऊक नसते. संदर्भ ३.३ व्होल्ट असेल तर उत्तर १.६५ व्होल्ट; २.५ व्होल्ट असेल तर १.२५. चिपच्या तोंडून बाहेर पडणारा शब्द दोन्ही वेळी एकच.

आता ड्रायव्हर. येथे हा शब्द गाडीचालकाच्या अर्थाने घ्यावयाचा नाही. तो संगणकाची संचालन प्रणाली आणि चिप यांच्यामधला दुभाषा आहे. आपल्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या दोन भाषांत वावरणाऱ्या घरांना दुभाष्याची नीती समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. जे बोलले गेले तेच त्याने पोहोचवावे, पदरचे घालू नये, आणि आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे विसरू नये. निवृत्तीनंतर कुतूहलापोटी मी रास्पबेरी पाय हा लिनक्सवर चालणारा छोटा संगणक आणला. त्याला स्वतःचा अ‍ॅनालॉग प्रवेश नसतो, म्हणून वरील चिप जोडली आणि तिचा ड्रायव्हर कसा बसवतात हे शिकून घेतले. लिनक्समध्ये अशा मोजणीच्या उपकरणांसाठी ‘इंडस्ट्रियल आय-ओ’ नावाची एक स्वतंत्र व्यवस्था आहे; २००९ मध्ये ती मूळ लिनक्समध्ये दाखल झाली. या चिपचा ड्रायव्हर त्याच व्यवस्थेत आयता मिळतो. कोणीतरी तो चिपचे माहितीपत्रक वाचून नेटकेपणाने लिहून ठेवला आहे.

पण आयता ड्रायव्हर असला तरी काम संपत नाही. यूएसबीचे उपकरण संगणकाला जोडले की ते आपण होऊन आपला निर्माता आणि आपली ओळख सांगते. एमसीपी ३००८ ज्या वाटेने जोडली जाते, त्या एसपीआय मार्गावर अशी ओळख करून देण्याची रीत नाही. चिप मुकी बसून राहते. म्हणून ‘अमुक मार्गावर, अमुक निवडतारेवर, अमुक जातीची चिप आहे, तिच्याशी अमुक वेगापर्यंत बोलावे, आणि तिला संदर्भदाब अमुक ठिकाणाहून मिळतो’ असे वर्णन माणसाने लिहून द्यावे लागते. या वर्णनाला डिव्हाइस ट्री म्हणतात. संचालन प्रणाली ते वाचते आणि त्यावर विश्वास ठेवते. संदर्भदाबाचा स्रोत स्थिर असेल तर त्याचे मूल्यही वर्णनातच, मायक्रोव्होल्टमध्ये, लिहिलेले असते. ३.३ व्होल्टसाठी ३३ लक्ष. हा आकडा संगणकाने कधी मोजलेला नसतो; तो कोणीतरी लिहिलेला असतो.

विश्वास किती पूर्ण असतो ते पाहा. चिप प्रत्यक्षात जोडलेलीच नसली आणि वर्णनात तिचे नाव असले, तरी हा ड्रायव्हर बिनतक्रार नोंदणी करून घेतो. वाचन मागितले तर तार ज्या पातळीवर असेल त्याप्रमाणे शून्य किंवा १०२३ असा काहीतरी अंक मिळतोही. खुर्ची रिकामी असूनही हजेरीपटावर सही असावी, तसा हा प्रकार.

याहून गंभीर उदाहरण कल्पनेने उभे करू. लसी साठवण्याचा शीतकपाट २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावा लागतो. त्यात एलएम ३५ हा संवेदक बसवला आहे. तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. चिपचा संदर्भ प्रत्यक्षात ३.३ व्होल्टच्या तारेला जोडला आहे. पण वर्णन दुसऱ्या एका जोडणीवरून उतरवून घेतले गेले आणि त्यात २.५ व्होल्ट लिहिले आहे. कपाटातले तापमान १० अंशांवर गेले. संवेदकाने १०० मिलिव्होल्ट दिले. चिपने अंक दिला ३१, आणि तो बिनचूक आहे. ड्रायव्हरने २५०० मिलिव्होल्टला १०२४ ने भागून एका पायरीची किंमत २.४४ मिलिव्होल्ट सांगितली. हा हिशेबही बिनचूक. गुणाकार झाला ७५.७ मिलिव्होल्ट, आणि पडद्यावर उमटले ७.६ अंश. मर्यादा आठ अंशांची. म्हणून धोक्याची घंटा वाजली नाही. लसी वाया गेल्या आणि त्या मुलांना टोचल्याही गेल्या.

येथे खोटे कोण बोलले? संवेदक नाही, चिप नाही, ड्रायव्हर नाही. ज्याने वर्णन उतरवून घेतले त्याच्याही मनात कपट नव्हते. पडद्याकडे पाहून नोंदवहीत ७.६ लिहिणाऱ्या परिचारिकेने तर डोळ्यांना दिसले तेच लिहिले. आणि तरीही त्या नोंदवहीत असत्य लिहिले गेले आहे.

माझ्या मते याचे कारण असे की आपण शब्दाला प्रत्यक्ष समजलो. परिचारिकेने तापमान पाहिले नाही. ‘संदर्भ २.५ व्होल्ट आहे’ असे कधीकाळी कोणीतरी दिलेले वचन तिने ऐकले. फक्त ते आकड्याच्या वेषात आले. यंत्राच्या पडद्यावरचा प्रत्येक आकडा हा असा शब्दप्रमाण आहे. आणि शब्दप्रमाणाबाबत नैयायिकांची अट कडक होती. शब्द हवा तो आप्ताचा. मराठीत आपण नातलगांना आप्त म्हणतो. शास्त्रात आप्त म्हणजे ज्याने ती गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा मनुष्य. यातली दुसरी अट, म्हणजे सांगण्यातला प्रामाणिकपणा, आपल्या लक्षात राहते. पहिली आपण विसरतो. वर्णन उतरवून घेणाऱ्याची इच्छा शुद्ध होती. पण त्याने तारा कोठे जोडल्या आहेत ते पाहिले नव्हते. न पाहता सद्भावनेने सांगणारा मनुष्य सज्जन असेल; आप्त नव्हे.

मोजणीतली प्रत्येक उणीव दोष असते असे मात्र म्हणू नये. वरच्या उदाहरणात चिपची एक पायरी सुमारे ३.२ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.३२ अंशाची आहे. त्याहून सूक्ष्म फरक तिला दिसत नाही. सलगाचे अंकात रूपांतर करताना एवढे सांडणारच. ही मर्यादा आहे. ती माहितीपत्रकात छापलेली असते आणि तिला धरून वागता येते. उलट, २.४ अंशांची जी चूक संदर्भामुळे आली ती कोठेही छापलेली नाही. ती अचूकतेच्या रूपातच वावरते. दशांश चिन्हापुढचा ६ पाहून मनुष्य अधिकच निश्चिंत होतो. आपली मर्यादा जाहीर करणारा साक्षीदार कमी जाणत असला तरी चालतो. नैतिक प्रश्न उभा राहतो तो न तपासलेल्या गोष्टीला तपासल्याचा आव मिळतो तेथे.

या व्यवस्थेची एक रीत मला फार मोलाची वाटली. ड्रायव्हर कच्चा अंक एका जागी ठेवतो आणि पायरीची किंमत दुसऱ्या जागी. काही चिपांच्या बाबतीत मिळवावयाची वजाबाकी तिसऱ्या जागी. कच्च्या अंकात ती वजाबाकी मिळवून किमतीने गुणले की मिलिव्होल्ट मिळतात. अंतिम उत्तरच का देत नाहीत, असे प्रथम वाटते. परंतु कच्चा अंक जपून ठेवला असेल तर संदर्भाची चूक सहा महिन्यांनी उघड झाली तरी मागच्या सर्व नोंदी सुधारता येतात. ३१ हा अंक तेव्हाही खरा होता, आजही आहे. बदलला तो अर्थ. शासकीय सेवेत पंचनाम्याचे तत्त्व हेच असते. घटनास्थळी काय दिसले ते आधी लिहावे. त्यावरून काय वाटले ते वेगळ्या परिच्छेदात लिहावे. दोन्ही एकत्र कालवले की पुढच्या अधिकाऱ्याला पाहिलेले कोणते आणि मानलेले कोणते हे निवडता येत नाही.

माझी सेवा राज्याच्या नापतौल विभागात झाली. तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटे आले तो सारा काळ मी पाहिला. तराजूत संदर्भ सर्वांच्या डोळ्यांसमोर असे. एका पारड्यात माल, दुसऱ्यात वजन. शेतकरी ते वजन हातात घेऊन त्यावरचा शिक्का पाहू शके. इलेक्ट्रॉनिक काट्यात दुसरे पारडे पेटीच्या आत गेले. भुईकाट्याला आपल्या माळव्यात धर्मकाटा म्हणतात. सोयाबीनची ट्रॉली त्यावर उभी करणारा शेतकरी पडद्यावरचा आकडा वाचतो, तेव्हा त्याला न दिसणाऱ्या पारड्यावर विश्वास ठेवावा लागतो. त्या नावातला धर्म आता पेटीच्या आत गेलेल्या पारड्याकडे आला आहे.

व्यवहारी वाचक म्हणेल, यात एवढे तत्त्वज्ञान कशाला? ठाऊक असलेले वजन ठेवून पाहावे, चूक लगेच कळेल. हे अगदी खरे आहे, आणि आम्ही तेच करत होतो. मीमांसक म्हणत की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधा येईपर्यंत ते खरे मानावे. नैयायिक म्हणत की त्याचे प्रामाण्य बाहेरून तपासूनच ठरते. संगणकाची संचालन प्रणाली मीमांसक आहे. सांगितले ते बाधा येईपर्यंत खरे धरते, आणि तिने तसे केले नाही तर काम सुरूच होणार नाही. म्हणूनच तिच्या बाहेर एक नैयायिक लागतो. शीतकपाटात दुसरा, पडताळलेला तापमापक ठेवला असता तर २.५ व्होल्टची कहाणी पहिल्याच दिवशी उघडी पडली असती. अर्थात तो तापमापक किंवा निरीक्षकाजवळचे वजन हेही कोणाचा तरी शब्दच असते. कार्यमानके राज्याच्या दुय्यम मानकांशी ताडलेली, ती प्रादेशिक प्रयोगशाळेच्या मानकांशी, आणि ती नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील मानकांशी. साखळीच्या टोकाला २० मे २०१९ पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेला एक धातूचा ठोकळा होता. त्या दिवसापासून प्लांकच्या स्थिरांकाला सर्व राष्ट्रांनी मिळून ठरवून दिलेले मूल्य आहे. सर्वांत वर पोहोचल्यावरही एक दिलेला आणि पाळलेला शब्दच सापडतो. फरक एवढाच की या साखळीत प्रत्येक कडीवर कोणी, केव्हा आणि कशाशी ताडून पाहिले याची नोंद आणि सही असते.

उरतो जबाबदारीचा प्रश्न. ड्रायव्हर लिहिणाऱ्याला चिप ठाऊक असते, जोडणी ठाऊक नसते. वर्णन लिहिणाऱ्याला जोडणी ठाऊक असते, पण कपाटात काय ठेवणार ते नसते. कपाट वापरणाऱ्याला लसींचे मोल ठाऊक असते, संदर्भदाब हा शब्दही त्याने ऐकलेला नसतो. कोणा एकाला सर्व ठाऊक असावे ही अपेक्षा व्यर्थ आहे. शासकीय टिपणीतही असेच घडते. मागच्या टेबलावरचा आकडा पुढच्या टेबलावर ‘वरीलप्रमाणे’ म्हणून जातो, आणि पाच सह्या झाल्यावर तो कोणी एकानेही पाहिलेला नसतो. जबाबदारी पाचांत वाटली गेली म्हणून ती कोणाचीच नाही असे होत नाही. ज्याच्या वाट्याला जे प्रत्यक्ष पाहणे शक्य होते, तेवढ्यापुरता तो आप्त असावयास हवा. वर्णनात ‘३३ लक्ष’ हा आकडा लिहिण्यापूर्वी ज्याला त्या तारेवर मापक टेकवून पाहता येत होते, त्याने तो टेकवलाच पाहिजे. कारण त्याच्यानंतर येणारा प्रत्येकजण त्या दाबाकडे पाहणार नाही, फक्त त्याने लिहिलेले वाचणार आहे.