निकाल झाकून वाचा

१ सप्टेंबर २०१८ रोजी जकार्ताच्या आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये पुरुष जोडीचं सुवर्णपदक जिंकलं आणि लालबागच्या एका चाळीत मेंढीकोट खेळणाऱ्या पोरांना अचानक काकांची आठवण झाली. काका १९८२पर्यंत गिरणीच्या टाइम ऑफिसात होते. ब्रिज ते तिथल्याच कारकुनांच्या संगतीत शिकलेले. पंधरवड्याच्या आत गणपती बसले. जागरणाच्या रात्री मंडपामागे डाव मांडला गेला आणि काकांनी पुतण्याला भिडू घेतलं.

पुतण्या हुशार. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक, सगळे मिळून ४०, हे त्याला एका संध्याकाळीच पाठ झालं. इस्पिक किंवा बदाम हुकूम करून गेम करायचा तर चारची बोली, म्हणजे दहा हात हवेत आणि त्यासाठी दोघा भिडूंचे मिळून २५-२६ गुण असावेत, हेही.

पहिल्याच रात्री काका बोलले, "एक इस्पिक." पुतण्या म्हणाला, "दोन." काका म्हणाले, "तीन." या तीनचा अर्थ ठरलेला होता: आठ-नऊ गुण असतील तर चार बोल, सहा-सातच असतील तर पास दे. पुतण्याकडे एक राजा, एक राणी आणि एक गुलाम. म्हणजे सहा. पण आधीचे दोन डाव गेलेले आणि भोवती पोरं जमलेली. तो बोलून बसला, "चार."

पानं खेळायची होती काकांना. बदामाचा राजा आणि किलवरचा राजा हे दोन्ही उजवीकडच्या खेळाडूच्या हातात असतील तरच दहा हात होणार होते. चारात एकदा जमणारी गोष्ट, ती नेमकी जमली. टाळ्या पडल्या. काका एवढंच म्हणाले, "बोली चुकली."

"पण गेम झाला ना, काका?"

"गेम पानांनी केला. तू केलीस ती चूक. आज ती पचली म्हणून उद्या पुन्हा करशील, याची मला भीती."

तासाभराने पुतण्याच्या हातात इस्पिकचे एक्का, राजा, राणी आणि वर दोन हलकी पानं आली. त्याने एक इस्पिक बोलून सुरुवात केली. काकांकडे तीन इस्पिकं होती आणि दोघांचे गुण ३३च्या घरात, म्हणजे बारा हातांच्या आवाक्यात, जात होते. काकांनी चार नो ट्रंप बोलून एक्के विचारले. उत्तर आलं पाच बदाम, म्हणजे दोन एक्के. एकच एक्का बाहेर होता. काका सहा इस्पिक बोलले आणि खिशातून वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं. मग पहिली उतारी झाल्यावर आपली पानं टेबलावर मांडून ते मोकळे झाले.

बाहेरची पाच इस्पिकं समोरच्या दोघांत तीन-दोन अशी विभागलेली असती, तर सहाच्या बोलीला लागणारे बारा हात होते. १००पैकी ६८ वेळा तशी ती असतात. त्या रात्री ती चार-एक निघाली. एक हात कमी पडला. पुतण्या चिडला, "काका, उगाच सहा बोललात!"

काकांनी वही पुढे केली. पहिली उतारी होण्याआधी लिहिलेली ओळ होती: सहा इस्पिक, बोली बरोबर.

"हरूनही बरोबर म्हणायचं, ही पळवाट झाली."

"कारण आधी लिहिलेलं नसेल तर पळवाटच," काका म्हणाले. "१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, मीही त्यांच्यासोबत. पुढे गिरण्या गेल्या तेव्हा जो तो म्हणायला लागला, मला आधीच ठाऊक होतं. मी विचारायचो, तेव्हा तुझ्या हातात कोणती पानं होती ते सांग. पगार दिसत होता, महागाई दिसत होती. मालकाच्या मनात काय आहे, ते पान कुणालाच दिसत नव्हतं. संप चूक की बरोबर, यावर मी रात्रभर भांडेन. पण निकाल बघून भांडणार नाही."

दोन रात्रींनी तोच प्रसंग पुन्हा आला. काका तीन इस्पिक बोलले आणि पुतण्याकडे पुन्हा सहाच गुण. या वेळी तो म्हणाला, "पास." पानं मांडून त्याने काकांची वही ओढली आणि लिहिलं: तीनवर पास, बोली बरोबर. पानं अशी काही अनुकूल पडली की काकांचे दहा हात झाले. "गेम सोडलात!" म्हणून समोरचे दोघे हसले. पुतण्याने लिहिलेलं खोडलं नाही. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

तात्पर्य: निकालात आपल्या निर्णयाचा वाटा असतो, तसा न दिसलेल्या पानांचाही असतो. म्हणून नोकरी बदलताना, घर घेताना, पैसे गुंतवताना निर्णयाचं कारण निकालाआधी लिहून ठेवा. पुढे हिशेब करायला बसाल तेव्हा निकाल झाकून तेवढंच वाचा. कारण पटलं तर हरल्याची लाज बाळगू नका आणि पटलं नाही तर जिंकल्याचा माज करू नका.