रक्षणाचा भार कोणाच्या माथी?

मंगळवार पेठेतील एका सद्गृहस्थाच्या घरी निरूपण आटोपल्यावर यजमानांनी विचारले, "बाबा, दाजीपूरचा गवा राखला, म्हणजे आपला अहिंसाधर्म पाळला गेला, असे समजावे काय?" प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

दाजीपूर हे करवीर संस्थानच्या काळी राजांच्या शिकारीचे रान. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. १९८५ साली त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य अस्तित्वात आले, आणि २०१२ साली पश्चिम घाटासह त्याची गणना जागतिक वारशात झाली. शिकारीचे रान अभयाचे व्हावे, याचा संतोष कोणास होणार नाही? परंतु रानाच्या कडेला ज्याचे भाताचे खाचर आहे, त्याच्या मुखाने हीच कथा ऐकली तर ती निराळी वाटते. रात्री कळप शिरतो; सकाळी पंचनामा, मग भरपाईची वाट. शासन भरपाई देते हे खरे; जागरणाची भरपाई मात्र कोणत्याच कागदात बसत नाही.

येथे उपजीविका आणि व्यापार यांचा विवेक केला पाहिजे. हिरडा वेचणारा पुढील वर्षी पुन्हा त्याच झाडाखाली येणार असतो, म्हणून झाड राहावे अशी त्याचीच गरज असते. सड्यावरील बॉक्साइट खणून नेणाऱ्यास तेथे परत यावयाचे नसते. दोघांनाही 'पोटासाठी' हा एकच शब्द लावणे ही शब्दाची फसवणूक होय. गाडगीळ समितीच्या (२०११) आणि कस्तुरीरंगन समितीच्या (२०१३) अहवालांनंतर घाटातील गावांतून विरोध झाला. त्या विरोधात या दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले, असे आमचे मत आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या सशाची लीळा वाचकांस परिचित आहेच. भयभीत ससा स्वामींच्या जानूतळी आला आणि स्वामींनी त्यास राखले. या लीळेत ससा कोणाच्या जानूतळी होता, इकडे आमचे लक्ष क्वचितच जाते. तो रक्षकाच्या स्वतःच्याच जानूतळी होता. पारध्यांना सामोरे जाणेही रक्षकाकडेच आले. आपण गव्याला अभय देतो, ते दुसऱ्याच्या शेतात.

आणि लाभ? २०२३ च्या नोव्हेंबरात काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने कोल्हापुरात आले. त्या जलाशयास लागूनच हे अभयारण्य आहे. रानाने धरलेला पाऊस पेठेतल्या नळास येतो आणि रानाचा उपद्रव दाजीपूरकडच्या खाचरात राहतो. भिक्षान्न घेणाऱ्यास दात्याच्या घरी उरले काय, याचा विचार करावा लागतो. नळाचे पाणी पिणाऱ्यास तो का नसावा?

यजमानांनी थोडा वेळ विचार केला. मग म्हणाले, "म्हणजे पाणीपट्टीत त्या गावांचा वाटा धरावा, असे म्हणता?" आम्ही म्हटले, "धरावा. आणि तो किती, हे प्रथम त्या गावांस विचारावे." त्यांच्या मातोश्री आतून म्हणाल्या, "पाणीपट्टी वाढली तर पेठेत ओरड होईल हो, बाबा." होईल खरी.