गाडी तीच, पेटी दुसरी

दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो. झेंडूची माळ घालतो, कुंकू लावतो. पण ज्या वस्तूला हात जोडतो ती नेमकी कोणती, हा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. गाडी नवी असेपर्यंत तसा प्रसंगही येत नाही. ती म्हातारी होऊ लागली, एकेक अवयव बदलत गेला, की मग प्रश्न उभा राहतो : एवढे सगळे बदलल्यावर ही गाडी तीच राहिली का? प्रश्न वरवर पाहता रिकामटेकडा वाटेल. पण व्यवहारात त्याला पैशाची आणि अब्रूची अशी दोन्ही टोके आहेत.

आमच्या राजुऱ्याच्या बाजूला जुन्या जीपगाड्यांचे अप्रूप अजून आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. लढाई संपल्यावर त्यांतल्या कितीतरी हिंदुस्थानात डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या आणि जंगलाच्या वाटेला लागल्या. माझ्या एका नातलगाने काही वर्षांपूर्वी अशीच एक जीप घेतली. विकणाऱ्याने ‘लढाईच्या वेळची, नट न् नट अस्सल’ असे सांगून ती गळ्यात बांधली, आणि अस्सलपणाची किंमतही वसूल केली.

पुढे तेल गळते म्हणून गाडी मिस्त्रींकडे गेली. मी सोबत होतो. मिस्त्रींनी खाली सरकून गिअरबॉक्सवरचा वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसून काढले. बिडाच्या अंगावर ओतीव अक्षरे उमटलेली दिसली : टी-९०. मिस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, “गाडी तेच हाय जी, पण पेटी दुसरी हाय.”

याचा अर्थ असा. लढाईच्या जीपमध्ये जो तीन गिअरांचा गिअरबॉक्स असे, त्याचे नाव टी-८४. लढाईनंतर विलीज कंपनीने शेतकऱ्यांसाठी आणि नागरी कामांसाठी जी जीप काढली तिच्यात अधिक मजबूत असा टी-९० आला. थोडी जुळवाजुळव केली की तो जुन्या जीपलाही बसतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. चालवणाऱ्यालाही कळेलच असे नाही. पहिल्या गिअरमध्ये टी-८४ चा बाहेरचा दांडा दहा वेळा फिरायला आतला दांडा साडेसव्वीसच्या थोडे वर फेरे घेतो. टी-९० मध्ये जवळजवळ अठ्ठावीस. दहा फेऱ्यांत दीड फेऱ्याचाही फरक नाही! पेटी खाली उतरवून, दांड्याला खडूची खूण करून कोणी मोजत बसला तरच हे रहस्य उकलणार. नाहीतर मग ग्रीसखालची अक्षरे.

माझ्या नातलगाची अवस्था मोठी चमत्कारिक झाली. तो फसला होता हे खरे. पण त्याचा फायदा झाला होता हेही तितकेच खरे. जिवतीच्या डोंगरातून भरल्या गाडीने उतरताना झिजलेल्या जुन्या पेटीचा दुसरा गिअर निसटला, तर इंजिनाचा अटकाव जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्या क्षणी गाडीतल्या माणसांना पेटी अस्सल आहे की नाही याच्याशी काय कर्तव्य? ज्या कोणी ती बदलली त्याने शहाणपणाच केला होता. मग अन्याय कुठे झाला?

या प्रश्नाचा एक जुना आणि फार सुंदर मागोवा आपल्याकडे आहे. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला ‘नाही’ म्हणतो. अखेर ठरते ते असे, की हे सारे भाग एकत्र आले म्हणजे व्यवहारासाठी आपण त्याला ‘रथ’ हे नाव देतो. त्यापलीकडे रथ नावाचा वेगळा पदार्थ कुठे दडलेला नसतो.

लढाईच्या जीपने तर नागसेनाचे म्हणणे कारखान्यातच खरे करून दाखवले. एकाच आराखड्यावर विलीजने आणि फोर्डने त्या गाड्या बांधल्या. हेतू हाच, की रणांगणावर एकीचा भाग दुसरीला बसावा. जी वस्तू जन्मतःच परक्या अवयवांना सामावून घेण्यासाठी घडवली, तिच्याकडून सोवळेपणाची अपेक्षा करणे हा आपलाच हट्ट नव्हे काय?

आमचे गावच पाहा ना. राजुरा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तालुका मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्यात आला; १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्याला जोडला गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. नंतर चांद्याचेही चंद्रपूर झाले. बारा वर्षांत राज्य बदलले, जिल्हा बदलला, दप्तराची भाषा बदलली. तरी राजुरा राजुराच राहिला. मात्र त्याने यातले काही लपवले नाही. म्हाताऱ्यांच्या ट्रंकेत उर्दूतले जुने कागद असत आणि ते मागितले की दाखवले जात.

मला वाटते, प्रश्नाचे उत्तर इथेच सापडते. बदल हे पाप नव्हे. बदल झाकणे हे पाप. नागसेनाचे मान्य करून आपण म्हणू, की ‘अस्सल जीप’ हे नुसते व्यवहारातले नाव आहे. पण व्यवहारातले नाव म्हणजे दोन माणसांमधली बोली असते. तत्त्वज्ञानात रथ नसेल. बाजारात मात्र ज्याने रथ सांगून रथाचे पैसे घेतले, तो त्या शब्दाला बांधला गेला.

आणि इथे कायदाही आपल्याला फारसा सोडवत नाही. गाडीच्या नोंदणीपुस्तकात चासीचा क्रमांक असतो, इंजिनाचा असतो, गिअरबॉक्सचा नसतो. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवण्याचे नियम २०२१ मध्ये झाले. गाडी मूळ रूपात हवी, असे ते सांगतात आणि चासी, बॉडी व इंजिन यांतल्या फेरफारांचा नाव घेऊन उल्लेख करतात. पेटीचे नाव तिथेही नाही. म्हणजे गाडीच्या पोटातली ही गोष्ट जगात एकाच ठिकाणी नोंदलेली राहते : मालकाच्या मनात. जिथे कागद विचारत नाही, तिथे माणूस आपण होऊन काय सांगतो, यावरूनच त्याची पारख व्हायची.

नातलगाकडे पुढे एक शौकीन गिऱ्हाईक आले. हौशी मंडळींचा सल्ला असा, की कुठून तरी टी-८४ मिळवून बसवावा, म्हणजे गाडी ‘अस्सल’ होईल आणि भाव चढेल. त्यात गैर काहीच नव्हते. दुसरा सल्ला गप्प बसण्याचा होता. त्याने दोन्ही मानले नाहीत. गिऱ्हाइकाला गाडीखाली वाकायला लावून त्याने ती अक्षरे दाखवली. भाव उतरला, व्यवहार मात्र झाला. जाताना गिऱ्हाइकाने बाकीच्या गाडीविषयी एकही शंका विचारली नाही. उतरलेल्या भावात त्याने जे गमावले, ते या विश्वासात त्याला परत मिळाले की नाही, याचा हिशेब मी करणार नाही. तो ज्याचा त्याने करावा.

आता लक्ष्मीपूजन येईल. व्यापारी लोक वहीची पूजा करतील. माझी एक साधी सूचना आहे. ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे त्यांनी तिच्यासाठीही एक वही घालावी; कोणता भाग कधी बदलला आणि का बदलला, एवढेच तीत लिहावे, आणि गाडीबरोबर ती वही पुढच्या मालकाच्या हाती द्यावी. वस्तूचा मूळपणा आपल्या हाती नसतो, काळ तो झिजवतोच. तिची हकीकत खरी ठेवणे मात्र आपल्या हाती असते.