शक्तीची गोळी

जन्मतः एचआयव्ही असलेल्या मुलांना आपल्या सातारा-सांगली भागात बऱ्याचदा आजीच वाढवते. रात्री जेवण झालं की ती नातवाच्या हातावर गोळी ठेवते, "शक्तीची आहे, घे बाळा." लहानपणी हे खपून जातं. चौदाव्या वर्षी तो विचारतो, मी धडधाकट आहे, मग रोज कशाला? खरं उत्तर मिळालं नाही, की गोळी खिडकीबाहेर जाते.

वसतिगृहातल्या मुलीची अडचण वेगळीच. गोळ्यांची बाटली वाजते, म्हणून ती आत कापूस कोंबते. मैत्रिणी झोपेपर्यंत थांबते, आणि मग स्वतःच झोपून जाते. हा काही बेफिकीरपणा नाही, भीती आहे.

औषध मोफत आहे. 2004 पासून सरकारी एआरटी केंद्रांतून, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रांतून, ते मिळतं; सध्या मिरजेत आणि साताऱ्यातही. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. नेमानं घेतली तर विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी होतो. पुढे शिक्षण, लग्न, मुलंबाळं, काही अडत नाही. वारंवार चुकली तर मात्र विषाणू औषधाला दाद देईनासा होतो.

म्हणून मुलांना त्यांच्या वयाला पेलेल असं खरं सांगायला हवं, समुपदेशकाला सोबत घेऊन. गोळी चुकली तर रागावू नका. कोणत्या वेळी चुकते, ते विचारा. शंका असेल तर 1097 हा मोफत क्रमांक आहे. वसतिगृहाच्या अधीक्षकांनो, प्रत्येक मुलाला कुलपाचा एक कप्पा द्या.