वगळलेली माणसं शोधून आण

हा प्रबंध परत घेऊन जा. यावर मी सही करणार नाही. जमा करायची तारीख जवळ आली आहे आणि विद्यापीठ मुदत वाढवत नाही, हे मला ठाऊक आहे. ते सांगत बसू नकोस. हिंगोलीहून नरसीपर्यंत आलास, तर आता बस आणि ऐक.

'सर्पदंशाच्या रुग्णांमधील जोखमीचे घटक आणि उपचारांचे फलित' असं नाव दिलंयस. विषय आपल्या मुलखाचा आहे. मृग लागला की या कयाधूच्या खोऱ्यात पेरणी सुरू होते, मग खुरपणी, मग सोयाबीनची काढणी. माणूस दिवसभर रानात असतो आणि रात्री शेतातल्या आखाड्यावर भुईला अंथरूण टाकतो. परतवारीला इथे दिंड्या येतात तेही दिवस पावसाचेच. तू हा विषय निवडलास तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. शिकलेला मुलगा आपल्या माणसांच्या मरणाचा हिशेब मांडणार, असं वाटलं होतं. म्हणून हे वाचून जिवाला जास्त लागलं.

वगळण्याचे निकष लिहिलेस ते पान उघड. मोठ्याने वाच. 'अपूर्ण नोंदी असलेले, पुढील उपचारांसाठी पाठवलेले आणि वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी गेलेले रुग्ण अभ्यासातून वगळण्यात आले.' एका ओळीत मोकळा झालास! पुढे कुणाला पाठवतात रे? ज्याचा श्वास अडकायला लागला, ज्याची लघवी बंद झाली, ज्याच्या हिरड्यांतून रक्त थांबेना, त्याला. सल्ल्याविरुद्ध घरी कुणाला नेतात? ज्याच्या घरच्यांनी आशा सोडली किंवा ज्यांच्याजवळचे पैसे संपले, त्याला. म्हणजे मरणाच्या सगळ्यात जवळ होते तेच तू यादीतून काढलेस, उरलेल्यांवर मृत्युदर काढलास आणि खाली लिहिलंस, 'फलित समाधानकारक आढळले.' याला संशोधन म्हणत नाहीत. याला डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात.

'अपूर्ण नोंद' ही काय आकाशातून पडली? रात्री दोन वाजता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आणलेल्या माणसाला 'किती वाजता चावला' हे तुमच्यापैकीच कुणीतरी विचारलं नाही. आपणच नोंद करायची नाही आणि नोंद नाही म्हणून रोग्यालाच अभ्यासातून हाकलायचं!

आता तिसरा तक्ता घे. त्यात म्हणतोस, आधी मांत्रिकाकडे गेलेल्या आणि थेट दवाखान्यात आलेल्या रुग्णांच्या मृत्युदरात लक्षणीय फरक नाही. हे वाक्य उद्या कुणी पारावर वाचून दाखवलं तर काय होईल, याचा क्षणभर तरी विचार केलास? समज, विषारी सापाने शंभर जणांना दंश केला आणि त्यातले पन्नास आधी मांत्रिकाकडे गेले. त्यातले वीस तिथेच किंवा वाटेत गेले. उरलेले तीस तुझ्या दारात पोचले. ते कोण? ज्यांच्या अंगात विष कमी गेलं ते, किंवा ज्यांना नुसते दात लागले ते. ते वाचणारच होते. तू त्या तिसांची तुलना थेट आलेल्यांशी केलीस आणि ओढ्याकाठच्या देवळापाशी दगावलेले वीस जण तुझ्या कागदावर आलेच नाहीत. जो दवाखान्यापर्यंत पोचला तेवढाच रोगी, असं धरून चाललास तिथेच गाडं रुतलं.

आणि हे मी हवेत बोलत नाही. 2001 ते 2003 या काळातल्या सुमारे 1 लाख 23 हजार मृत्यूंची देशभर घरोघर जाऊन चौकशी झाली होती. कार्यकर्ते उंबरठ्यावर बसले, मरणाआधी काय काय झालं ते घरच्यांना विचारलं आणि ते वाचून डॉक्टरांनी कारण ठरवलं. 2011 साली ते आकडे छापून आले: एकट्या 2005 मध्ये देशात सर्पदंशाने सुमारे 46 हजार मृत्यू. सरकारदरबारी नोंदलेले मृत्यू याच्या कितीतरी खाली होते. का? कारण सर्पदंशाने मेलेल्यांपैकी शंभरातले जेमतेम 23 जण आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात मेले. बाकीचे घरी, शेतात, रस्त्यावर. पुढे 2020 मध्ये वीस वर्षांचा हिशेब आला तो 12 लाखांच्या घरात, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. हे सगळं तू तुझ्या प्रस्तावनेत उतरवून घेतलंयस, संदर्भासकट! ज्या गोष्टीने तुझा स्वतःचा अभ्यास खोटा पडतो ती तूच पहिल्या पानावर लिहिलीस आणि पुढे विसरलास. मग वाचलंस काय?

अकरावं पान. 'प्रतिसर्पविषाच्या वीसपेक्षा अधिक कुप्या देणे हा मृत्यूचा जोखमीचा घटक आढळला.' अरे, वीसपेक्षा जास्त कुप्या कुणाला दिल्या जातात? जो आधीच मरायला टेकला आहे त्याला! आजार गंभीर म्हणून औषध जास्त, आणि आजार गंभीर म्हणूनच मृत्यू जास्त. दोन्हींच्या मुळाशी जे आहे ते मोजायचं सोडून तू औषधावर आळ घेतलास. उद्या एखादा घाबरट पोरगा हे वाचून दहा कुप्यांवर हात आखडेल आणि समोरचा माणूस जाईल. संगणकाने पी-व्हॅल्यू काढून दिली म्हणून डोकं गहाण ठेवायचं का?

वीस मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीचा रकाना तर सगळीकडे भरलेला दिसतो. मी तुला विचारतो, नळी कसली होती? काचेची की प्लास्टिकची? नवी कोरडी होती, की साबणाने धुतलेली? वीस मिनिटं तिला कुणी हात लावला नाही ना? काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत थोडं रक्त घेऊन ती न हलवता ठेवायची आणि वीस मिनिटांनी एकदाच तिरपी करून बघायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. एवढी साधी आणि एवढी नाजूक चाचणी आहे ती. हे काहीच न विचारता तू 'केली' म्हणून खूण केलीस आणि त्यावर अख्खं प्रकरण उभारलंस.

पण ज्यासाठी मी तुला खरं रागावतोय ते अजून पुढेच आहे. दंश झाल्यापासून पहिली कुपी सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, हा या सगळ्या अभ्यासाचा प्राण. बऱ्याच केसपेपरांवर ती वेळ नव्हती. तिथे तू काय केलंस? बाकीच्यांची सरासरी काढून भरून टाकलीस! आणि तसं केलं हे प्रबंधात कुठेही सांगितलं नाहीस. मला कच्ची फाइल मागवावी लागली तेव्हा कळलं. एकाखाली एक तोच आकडा, दशांशासकट. माणसाच्या जिवावर बेतलेल्या वेळेचा आकडा तू घरी बसून तयार केलास. याला चूक म्हणत नाहीत, ही लबाडी आहे. पुन्हा असं केलंस तर माझ्या दारात येऊ नकोस.

साधनं नव्हती म्हणतोस? मराठवाड्यातलाच माणूस सांगतो. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि पोरं मरत होती. या माणसाने काय केलं? रोग्याच्या खाटेपाशी बसून राहिले. नाडी, रक्तदाब, घाम, उलटी, हातपाय कधी गार पडले, छातीत पाणी कधी भरलं, सगळं वेळेसकट लिहिलं. लिहिता लिहिता दिसलं की भरपूर घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय ही पुढच्या हृदयविकाराची आगाऊ सूचना आहे. 1982 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरून पाहिली. आधी गंभीर रुग्णांतले दहातले तीन-चार दगावत होते, ते प्रमाण शेकडा एकाच्या आसपास आलं. तिथेही थांबले नाहीत. विंचवाचं प्रतिविष निघाल्यावर ते प्राझोसिनच्या जोडीला दिलं तर फरक पडतो का, हे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासोबत 70 रुग्णांवर रीतसर चाचणी करून तपासलं आणि 2011 मध्ये 'बीएमजे'त मांडलं. 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, पण मला त्याचं कौतुक कमी आणि त्या वहीचं जास्त आहे. घड्याळ, वही, रक्तदाबाचं यंत्र आणि जागं राहायची तयारी. यातलं तुझ्याकडे काय नव्हतं?

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या कमी शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. त्यांनी 39 गावांतलं एकेक मूल जन्मल्यापासून नोंदीत ठेवलं. नवजात बाळांचा मृत्युदर हजारी 62 वरून 25 च्या आसपास आला, तो त्या नोंदींमुळे सिद्ध करता आला. त्या बायांना जे जमलं ते तुला एम.डी.च्या तिसऱ्या वर्षी जमू नये?

आता तुझ्या 'सुधारणा होऊन घरी गेले' या रकान्याकडे ये. त्यात आपल्या गावाजवळचा एक शेतकरी आहे. वय, गाव आणि तारखेवरून मी ओळखला. सोयाबीन काढताना पेंडी उचलली आणि खालच्या घोणसने मनगटाला दंश केला. तुझ्या तक्त्यात तो पाचव्या दिवशी बरा होऊन गेला. संपलं. खरं काय झालं ते तुला माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस. घरी गेल्यावर पाय सुजले, लघवी कमी झाली, आणि आज तो आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातो. पहाटे एसटी धरतो, बायको सोबत जाते, त्या दिवसाची दोघांची मजुरी बुडते. मनगटाच्या जखमेने दोन बोटं वाकडी झाली आहेत, विळा धरता येत नाही. घोणसच्या विषाने मूत्रपिंडं जातात हे तू परीक्षेत लिहून गुण मिळवलेस. मग या माणसाला पाचव्या दिवशी कसं सोडून दिलंस? सर्पदंशाने जेवढी माणसं मरतात त्याच्या साधारण तिपटीने हातपाय गमावतात किंवा कायमची अधू होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुझ्या प्रबंधात एकही अधू माणूस नाही. वॉर्डाच्या दारातून चालत बाहेर पडला की फलित चांगलं, असं तुला कुणी शिकवलं?

आणि 'अज्ञात दंश' लिहून पुढे पाठवलेली ती बाई. आखाड्यावर भुईला झोपली होती. पहाटे पोटात कळा आल्या, अंगावर खूण काही नाही. घरच्यांना पित्त वाटलं. उजाडेपर्यंत पापण्या उघडेनात, थुंकी गिळता येईना. मण्यार अशीच चावते. दंश दिसत नाही, दुखत नाही, सूज नाही. पाचवी-सहावीतल्या पोरालाही हे सांगता येईल इतकं मी इथल्या शाळेत बोललो आहे. तिला कृत्रिम श्वासावर ठेवावं लागलं आणि ती वाचली. तिच्याकडून तुला काय काय कळलं असतं! किती वाजता झोपली, केव्हा जाग आली, पापणी केव्हा पडली, गाडी मिळायला किती वेळ गेला. तीही तू वगळलीस, अपूर्ण म्हणून.

'सगळे असंच करतात' हे उत्तर माझ्यासमोर देऊ नकोस. सगळे करतात म्हणूनच आपल्याकडे हजारो प्रबंध धूळ खात पडलेत आणि आखाड्यावरच्या माणसाला मण्यारीविषयी कुणी काही सांगत नाही. 'फोन लागला नाही' हेही नको. सुगीत माणूस रानात असतो, फोन घरी असतो. गावाचं नाव केसपेपरवर आहे. त्या गावात आशाताई आहे. तिला नुसतं नाव सांगितलंस तर ती घर दाखवेल.

तेव्हा हे कर. भरलेल्या सगळ्या सरासऱ्या आधी खोड आणि जिथे वेळ माहीत नाही तिथे 'माहीत नाही' असं लिही. तिसरा तक्ता आणि अकरावं पान काढून टाक. मार्गदर्शकांना सांग की मी काय सांगितलं; लपवू नकोस. एथिक्स कमिटीकडे दुरुस्तीचा अर्ज दे, घरोघर जायची परवानगी लेखी घे आणि प्रत्येक घरी संमती घेतल्याशिवाय एक अक्षर लिहू नकोस. वगळलेल्या प्रत्येकाची यादी कर: पुढे पाठवलेले, घरी नेलेले, नोंद नसलेले, सगळे. 'सुधारणा' लिहिलेल्यांनाही भेट. लघवी कशी आहे, सूज आहे का, हात कामाला येतो का, कर्ज किती झालं, ते विचार. सापाचं वर्णन ऐक, पण त्यावरून निदान ठोकू नकोस. ज्या घरात माणूस गेलाय तिथे आधी बसून दोन शब्द बोल, मग वही काढ. मांत्रिकाकडे नेलं असेल तर त्यांना दोष देत बसू नकोस. गाडी मिळाली नसेल, कुणी दुसरा रस्ता दाखवला नसेल, तेही लिहून घे, कारण तोही जोखमीचाच घटक आहे.

यात एक सत्र जाईल. जाऊ दे. वडिलांना मी समजावतो.

सुरुवात त्या सोयाबीनवाल्याच्या घरापासून कर. मंगळवारी आणि शुक्रवारी तो डायलिसिसला असतो, म्हणून बुधवारी जा. जाताना त्याचा जुना केसपेपर झेरॉक्स करून ने; त्याच्याजवळ कागद नाही म्हणून दर वेळी नव्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.